पुरणपोळीच्या फोटोखाली 😭😭🙏 : मुलांच्या इमोजी-जोड्या कशा वाचायच्या

गेल्या होळीला पुरण जरा सैल झालं. पहिलीच पोळी तव्यावर पडली आणि फाटली, पुरण सगळं बाहेर. त्या पोळीचा फोटो मी भाचीला पाठवला. भाची सतरा वर्षांची. तिचं उत्तर आलं: 😭😭🙏

मी लगेच लिहिलं, "अगं रडतेस काय, बाकीच्या छान झाल्यात. तुझ्यासाठी चार बाजूला काढून ठेवल्यात." दोन मिनिटांत तिचा फोन. "मावशी, मी रडत नाहीये! हसून हसून मेले मी. आणि हात जोडले ते 'बास कर आता, पोट दुखायला लागलं' म्हणून."

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. तेच भाचीच्या तीन चित्रांना लागू पडतं, हे त्या दिवशी लक्षात आलं. मग एक वही घातली. वर्गातली मुलं, भाची, शेजारची दहावीतली मुलगी यांना विचारून विचारून त्यात लिहीत गेले. त्या वहीतलं इथे सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. इमोजी हा जपानी शब्द. 'ए' म्हणजे चित्र आणि 'मोजी' म्हणजे अक्षर. चित्राक्षर म्हणा. इंग्रजीतल्या 'इमोशन'शी त्याचं काही नातं नाही, उच्चार जुळतो तो योगायोग. १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या जपानी मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ चित्रांचा संच केला. एकेक चित्र आडवे बारा आणि उभे बारा ठिपके, एवढ्याच जागेत बसवलेलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये तो संच आपल्या संग्रहात घेतला. २०१० मध्ये युनिकोडने इमोजींना आपल्या यादीत जागा दिली आणि ती जगभरच्या फोनांवर पोचायला लागली. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी यादी. आपला 'क' आणि भाचीचं 😭 एकाच यादीत आहेत. आता इमोजींची संख्या साडेतीन हजारांच्या वर गेली आहे.

ही यादी प्रत्येक चित्राला नाव देते. 😭 चं नाव 'मोठ्याने रडणारा चेहरा'. पण नाव म्हणजे अर्थ नव्हे. अर्थ वापरणारे देतात, आणि तो बहुतेक वेळा दोन-तीन चित्रं शेजारी आली की तयार होतो.

काही जोड्या तर फोनच्या आतच शिवलेल्या असतात. ❤️‍🔥 हे पेटलेलं हृदय म्हणजे हृदय, मग एक न दिसणारं अक्षर, मग आग. 🐻‍❄️ हे पांढरं अस्वल म्हणजे साधं अस्वल आणि हिमकण. आई-बाबा-मुलगी असं 👨‍👩‍👧 कुटुंब म्हणजे तीन वेगळी माणसं, मध्ये तेच अदृश्य अक्षर. त्याला म्हणतात झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा सांधा. मराठी माणसाला हा सांधा परका नाही. इमोजी येण्याच्या कितीतरी आधीपासून तो अरबी आणि भारतीय लिप्यांसाठी युनिकोडमध्ये होता. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दोन्हींत र आणि य यांचाच जोड, पण दुसऱ्या शब्दातला तो आडवा रफार संगणकावर उमटवायची एक रीत हाच सांधा वापरते. दऱ्याखोऱ्यांसाठी कामी येणारं अक्षर आज अस्वलाला बर्फ जोडतंय, हे कळलं त्या दिवशी मी वर्गात पंधरा मिनिटं त्यावरच बोलले.

मुलं करतात त्या जोड्या मात्र यादीत नसतात. त्या बोलण्यातून येतात. भाषाशास्त्रज्ञ ग्रेचेन मॅककलक यांनी इमोजींची तुलना हातवाऱ्यांशी केली आहे, आणि मला ती अगदी पटते. समोरासमोर बोलताना आपण भुवया उंचावतो, हात झटकतो, कपाळाला हात लावतो. लिहिताना हे सगळं जातं. "ये ना" हे दोन शब्द लाडाने म्हणता येतात, वैतागून म्हणता येतात, विनवणीनेही म्हणता येतात. कागदावर तिन्ही सारखेच. मुलांचा बहुतेक संवाद आज लिहून चालतो, त्यामुळे ती रिकामी जागा त्यांनी भरून काढली.

सगळ्यात सोपी युक्ती पुन्हा पुन्हा टाकण्याची. 🔥 म्हणजे छान, 🔥🔥🔥 म्हणजे फारच छान. मराठीत आपण याला अभ्यस्त शब्द म्हणतो: लालेलाल, घरोघरी, हळूहळू. दुसरी युक्ती शब्दाला दोन्हीकडून चांदण्या लावण्याची. बारावीतल्या एका मुलीने परीक्षेच्या आदल्या रात्री लिहिलं होतं, "माझं ✨वेळेचं नियोजन✨". चांदण्यांमुळे आपल्याला तिचा स्वर ऐकू येतो. नियोजन पार कोसळलेलं आहे आणि ती ते मुद्दाम मिरवून सांगतेय. तिसरी युक्ती प्रत्येक शब्दानंतर टाळी टाकायची: "हा 👏 विषय 👏 संपला". ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या बोलण्यातून आली. त्या ठासून बोलताना शब्दागणिक टाळी वाजवतात. आपल्याकडेही चाळीत किंवा नळावर भांडण ऐकलं असेल तर हा ताल ओळखीचा वाटेल.

मग चित्रं जोडून उभा केलेला चेहरा. 👁👄👁 नीट बघा. दोन डोळे आणि मध्ये तोंड. २०२० मध्ये ही जोडी टिकटॉकवरून सगळीकडे पसरली. अर्थ असा की मी बघतोय, अवाक झालोय, आणि माझ्याकडे बोलायला शब्द नाहीत. 🥺👉👈 ही जोडीही त्याच काळातली. दोन तर्जन्या एकमेकींना टेकवून लाजत, जमिनीकडे बघत काहीतरी मागायचं. लहान मूल पावडरीचा डबा सांडल्यावर कसं उभं राहतं, तसं. "मला उद्या सोडशील का क्लासला 🥺👉👈" असं भाची लिहिते तेव्हा मी पेट्रोल भरून ठेवते.

☝️🤓 म्हणजे बोट वर करून "वास्तविक पाहता..." म्हणणारा, दुसऱ्याची चूक काढायला टपलेला हुशार विद्यार्थी. 👀🍿 म्हणजे दोघांची जुंपलीये आणि मी बाजूला बसून बघतोय. ☕ म्हणजे गावगप्पा. इंग्रजी बोलीत 'टी' म्हणजे आतली बातमी, तिथून हा कप आला. चहा आणि चहाडी यांचं आपल्याकडे काही नातं नसेल, पण मला ते आठवल्यावाचून राहिलं नाही. 🧢 म्हणजे खोटं, कारण इंग्रजी बोलीत 'कॅप' म्हणजे थाप. 🐐 म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ, कारण तसं सांगणाऱ्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळून 'गोट' होतं. कुणी बोकड दिसतो म्हणून रागावू नये. मधला 🤝 दोन गोष्टींची जोडगोळी दाखवतो: "पहिला पाऊस 🤝 लाइट जाणे". 🗿 हा दगडी चेहरा, काहीही झालं तरी हलणार नाही असा. 💔🥀 ही २०२५ मध्ये फार चाललेली जोडी. तुटलेलं हृदय, कोमेजलेला गुलाब, आणि बहुतेक वेळा कारण अगदी किरकोळ, म्हणजे कँटीनमधला वडापाव संपला एवढंच. 💜 मात्र गंभीरपणे घ्यावं लागतं. बीटीएस या कोरियन गायकसंघाच्या व्ही याने २०१६ मध्ये जांभळ्या रंगाला प्रेम आणि विश्वासाचा अर्थ दिला, आणि तेव्हापासून ते त्यांच्या चाहत्यांचं चिन्ह आहे. माझ्या वर्गातल्या तीन-चार मुलींच्या वह्यांवर ते पेनाने काढलेलं असतं.

आता हसण्या-रडण्याचं. घराघरांत गैरसमज होतात ते सगळ्यात जास्त इथेच.

ऑक्सफर्डने २०१५ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून 😂 हे चित्र निवडलं होतं. आनंदाश्रूंचा चेहरा. मग आई-बाबा, काका, मामी, शाळेतल्या बाई असे सगळेच ते वापरायला लागले. मुलांना आपला आवाज वेगळा हवा असतो, म्हणून ती तिथून उठली आणि 😭 वर आणि 💀 वर जाऊन बसली. कवटी म्हणजे 'मेलो'. मराठीत हे आधीपासून आहेच. "हसून हसून मेलो", "हसता हसता पुरेवाट झाली", "डोळ्यांतून पाणी आलं". मुलांनी नवीन काही केलेलं नाही, हा वाक्प्रचारच चित्रात उतरला आहे. म्हणून नुसतं 💀 आलं तर घाबरू नका. "पेपर कसा गेला?" याला "💀" असं उत्तर आलं तर दोन शक्यता राहतात: अवघड गेला, किंवा पेपरात काहीतरी भन्नाट घडलं. तेव्हा सरळ विचारावं. मुलांना विचारलेलं आवडतं, अंदाज बांधलेला आवडत नाही.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. 🙂 हा आपल्या पिढीसाठी साधा हसरा चेहरा. मुलांना त्यात थंडपणा दिसतो, दात आवळून "बरं" म्हटल्यासारखा. 👍 मध्येही त्यांना 'विषय संपव' असा भाव जाणवतो. भाचीने एकदा तीन ओळी भरून काहीतरी मनातलं लिहिलं होतं. मी घाईत 👍 टाकला. दोन दिवस तिने काही पाठवलं नाही. मी ऐकलंच नाही असं तिला वाटलं होतं.

या एका अंगठ्याने तर न्यायालयाची पायरी चढली आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात धान्य घेणाऱ्या एका कंपनीने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून "पक्कं करा" म्हणून लिहिलं. त्याने 👍 टाकला. पुढे माल दिला नाही. त्याचं म्हणणं असं की अंगठ्याचा अर्थ 'करार मिळाला' एवढाच होता. २०२३ मध्ये न्यायाधीशांनी तो अंगठा सही मानला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपिलातही तेच टिकलं. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयात २०२४ मध्ये याच्या उलट झालं. रेल्वे सुरक्षा दलाच्या व्हॉट्सॲप गटावर एका अधिकाऱ्याच्या हत्येचा मजकूर आला, त्यावर एका जवानाने 👍 टाकला आणि त्याची नोकरी गेली. हत्येचा आनंद म्हणून नाही, मजकूर पाहिला एवढंच सांगायला अंगठा टाकला असू शकतो, असं न्यायालयाने मानलं आणि त्याला कामावर परत घेण्याचा आदेश कायम ठेवला. चित्र तेच. एकीकडे त्याचा अर्थ 'मान्य', दुसरीकडे 'वाचलं'. दोन्ही निकालांत आधीचं बोलणं काय होतं, हे पाहूनच अर्थ लावला गेला.

महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण 🚩. युनिकोडच्या लेखी तो फक्त काठीवरचा त्रिकोणी झेंडा. आषाढी जवळ आली की आमच्या कुटुंबाच्या गटावर "रामकृष्ण हरी 🙏🚩" सुरू होतं, शिवजयंतीला "जय शिवराय 🚩🚩🚩". आपल्या डोळ्यांना ती भगवी पताकाच दिसते. भाचीच्या मैत्रिणींच्या गटात तोच झेंडा: "दोन-दोन दिवस रिप्लाय देत नाही 🚩🚩🚩". तिथे तो धोक्याचा लाल झेंडा, म्हणजे या मुलापासून सांभाळून. २०२१ च्या सुमाराला ट्विटरवर ही लाट आली आणि राहिली. एकाच मुलीच्या फोनवर, एकाच सकाळी, दोन्ही झेंडे येतात. ती एकदाही गोंधळत नाही. वरच्या गटात आजी आहे, खालच्या गटात मैत्रिणी आहेत, एवढं तिला पुरतं.

मोठ्यांच्याही ठरलेल्या जोड्या असतात, हे इथे सांगायला हवं. 🌞🌹🙏 म्हणजे शुभ सकाळ. 🎂💐🎉 म्हणजे वाढदिवस. 💐🙏 म्हणजे भावपूर्ण श्रद्धांजली. आपल्याला त्या भाषेसारख्या वाटत नाहीत, कारण त्या आपल्याच आहेत. आणि एका ठिकाणी दोन्ही पिढ्या भेटतात. इन्स्टाग्रामवर नव्या गाडीच्या, साखरपुड्याच्या, बाळाच्या फोटोखाली 🧿✨ असतं. तो निळा मणी तुर्कस्तान आणि भूमध्य समुद्राकाठच्या देशांतला, इमोजी म्हणून तो २०१८ मध्ये आला. पण हेतू आमच्या आजीच्या काजळाच्या तिटेचाच. दृष्ट लागू नये.

आता जे सांगायला ही वही घातली त्याकडे येते.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात एका मुलाने स्वतःची कविता वाचली. आवाज थरथरत होता, पण त्याने शेवटपर्यंत वाचली. कुणीतरी त्याची चित्रफीत वर्गाच्या गटावर टाकली. खाली चाळीसेक प्रतिसाद. ☝️🤓. 🤡🤡🤡. 💀. 👁👄👁. पुन्हा 🤡. एकही शब्द नाही, शिवी नाही. तो आठवडाभर आला नाही. मी हे वर नेलं तेव्हा मला विचारलं गेलं, "पण यात वाईट काय लिहिलंय?" आणि खरंच, कागदावर दाखवायला काहीच नव्हतं. जोकराची चित्रं होती.

तेच 💀 त्याच मुलांनी आदल्या दिवशी आपल्या जिवलग मित्राच्या विनोदाखाली टाकलं होतं, तिथे त्यात प्रेम होतं. फरक कुठे पडला? पहिल्या वेळी ज्याच्यावर हसत होते तो स्वतःही हसत होता. दुसऱ्या वेळी चाळीस जण हसत होते आणि एक जण गप्प होता. चित्रांचा कुठलाही तक्ता हे सांगू शकणार नाही. म्हणून आपल्या मुलाच्या फोटोखाली काय आलंय यापेक्षा, त्यावर त्याने स्वतः काय उत्तर दिलंय ते बघा. त्यानेही 😭😭 टाकलं असेल तर बहुधा खेळ चाललाय. तो गप्प झाला असेल, फोटो काढून टाकला असेल, गट सोडला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसायची वेळ आहे.

लपवण्यासाठीही इमोजी वापरतात. 🍆 म्हणजे वांगं आणि 🍑 म्हणजे पीच हे फळ, ही शरीराच्या अवयवांची चिन्हं आहेत, हे बहुतेक तरुणांना माहीत असतं. २०१६ मध्ये ॲपलने पीचचं चित्र बदलून अगदी फळासारखं करून पाहिलं, लोकांनी इतकी ओरड केली की जुना आकार परत आणावा लागला. फेसबुक आणि इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये लैंगिक मागणीसाठी ही चित्रं वापरण्यावर नियम घातला. 🌽 हे कणीस अश्लील चित्रफितींसाठी येतं, कारण इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार जुळतो आणि ॲपची चाळणी कणीस पकडत नाही. अमेरिकेच्या अमली पदार्थ विरोधी विभागाने नशेच्या सांकेतिक इमोजींचा तक्ता काढला होता, पण फक्त इमोजीवरून गुन्हा ठरवू नका, असंही त्यांनीच सांगितलं. पालकांनी असा तक्ता फ्रिजवर लावून मुलांचा फोन तपासायला बसू नये, असं मला कळकळीने वाटतं. कणीस म्हणजे बहुतेक वेळा पावसात भाजलेलं कणीसच असतं. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची: अनोळखी माणूस, खासगी गप्पा, "हे कुणाला सांगू नकोस", आणि फोटोची मागणी. यातलं काही दिसलं तर त्या गप्पा पुसू नका, जपून ठेवा. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

वहीच्या शेवटच्या पानावर एकच नोंद आहे, आणि ती चित्र नसण्याबद्दल आहे. मुलं जेव्हा खरंच दुःखात असतात, खरंच रागावलेली असतात, तेव्हा त्यांच्या लिहिण्यातून इमोजी जवळजवळ नाहीशी होतात. वाक्यं लहान होतात. कधी शेवटी पूर्णविराम येतो, जो ती एरवी कधीच देत नाहीत.

माझी आई श्रावणात गेली. कुटुंबाच्या गटावर दिवसभर 💐🙏 येत राहिलं. भाचीने तिथे काहीच टाकलं नाही. रात्री साडेअकराला तिचा मला वेगळा मेसेज आला. "मावशी, झोपली नसशील. मी येऊ का तुझ्याकडे राहायला."

मी "ये" एवढंच लिहिलं. अर्ध्या तासात ती दारात होती, हातात उशी घेऊन.